पाठमोरा विमावाला

सेलूला आमच्याकडं सायकलवर येणारा विम्याचा एजंट दागिन्यांचा विषय निघाला की खुर्ची भिंतीकडं वळवायचा.

"घराच्या विम्यात सोनं आपोआप येत न्हाई, सर. त्याची यादी येगळी जोडावी लागती. वैनी, आणा तुमी. कुठून काढता ते मी बघत न्हाई."

मग तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसायचा. आतल्या डब्यांचा आवाजसुद्धा कानावर पडू नये म्हणून मोठमोठ्यानं खोकायचा. त्या खोकल्यानं आज कुणाच्या घरात सोनं बाहेर निघालंय, ते अख्ख्या गल्लीला कळायचं.

त्या वर्षी यादीत बायकोच्या नव्या पाटल्या घालायच्या होत्या. तिनं फडक्यात बांधलेल्या पाटल्या आणून ठेवल्या. त्यानं खुर्ची परत आमच्याकडं वळवली, गाठ सोडली, तर ज्वारीचे चार दाणे त्याच्या फॉर्मवर सांडले.

बायको पांढरीफटक पडली.

त्यानं एकेक दाणा वेचून तिच्या तळहातावर ठेवला आणि वजन लिहून घेतलं. चहा पिऊन उठला. चपला घालताना हळूच म्हणाला,

"वैनी, आजच जागा बदला. मला कळाली."