कुत्र्याचा शनिवार

नांदेडच्या जनावरांच्या दवाखान्यात मी आमची मांजर घेऊन बसलो होतो. शेजारी लोह्याकडचे एक फेटेवाले काका होते. त्यांच्या मांडीवर पोट फुगलेला गावठी कुत्रा.

"कधीपासून फुगलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"लई दिस झाले. गावात भंडारे होते, म्हनलं जास्त खाल्लं आसंल. मंग माझ्यासंगं शनवार धरायला लावला."

"कुत्र्याला उपास?"

"हाव. पर भगर खात न्हाई. नुसतं ताक पितो."

डॉक्टरांनी पोट चाचपलं, रक्त तपासलं. गोचिडांच्या तापानं पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली होती. "गोळ्या द्या, पोटभर खाऊ घाला. उड्या मारू देऊ नका, पानथरी फुटेल. गोळ्यांनी उतरली नाही, तर कापून काढावी लागेल."

'कापून' ऐकताच काकांनी कुत्र्याचे दोन्ही कान झाकले. मी आजारी पडलो तेव्हा आमची मांजर शेजाऱ्यांकडे राहायला गेली होती.

बाहेर काकांनी कुत्र्याला भाकरी चारली, पण चेहरा पडलेलाच. "शनवार मधीच मोडला. मारुतीला काय सांगू?"

मी हसत म्हणालो, "त्याचा शनिवार तुम्हीच धरा."

"माझा शनवार हायेच की. एका पोटात दोघांचा उपास कसा बसंल?"

थोडा विचार करून त्यांनी कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला.

"खा तू. तुझा मी मंगळवारी धरतो."