वासरांचा हंगाम

आमच्या कॅम्पात आलेला पाहुणा जीपमधून उतरतो, टोपीवरची धूळ झटकतो आणि आधी एकच विचारतो, आम्ही बरोबर वेळेला आलोय ना? मी तिथला स्वयंपाकी. प्राण्यांचं मला विचारायचं खरं तर काही कारण नाही, पण आपल्याकडचे पाहुणे मलाच विचारतात, कारण हिंदीत सांगणारा मी एकटा. मी सगळ्यांना सांगतो, अगदी बरोबर आलात. जुलैत आलेल्यांना सांगतो, डिसेंबरात आलेल्यांनाही सांगतो. त्यात खोटं काही नाही. टांझानियाच्या त्या माळावर दर महिन्याला काहीतरी चाललेलंच असतं.

पण माझे आई-आप्पा यायचे ठरले आणि महिना मला निवडायचा होता, तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली.

निवडायला लावलं कॅम्पाच्या मालकीणबाईंनी. त्यांचा विषय निघाला की माझे हात आपोआप जोडले जातात. नववीत शाळा सुटली तेव्हापासून मी चुलीपुढंच आहे. आधी बेळगावात एका खानावळीत कणीक मळली, मग यात्रेच्या बसबरोबर आचारी म्हणून शिखरजीपर्यंत हिंडलो. त्या यात्रेत कुणीतरी माझ्या हातचं जेवलं आणि गोष्ट फिरत फिरत मालकीणबाईंच्या कानावर गेली. त्यांच्याकडं जैन पाहुणे बरेच. बटाटा नको, कांदा-लसूण नको, सूर्य मावळायच्या आत ताट पुढं हवं. दुसऱ्या आचाऱ्यांना हे जड जातं. आमच्या घरी मी दुसरं काही बघितलंच नव्हतं. आईच्या चुलीवर जे शिजतं तेवढंच मला येतं, आणि तेवढ्यावर मी समुद्र ओलांडून गेलो. अजूनही कधीकधी वाटतं, कुणाच्या तरी ध्यानात येईल की ह्याला बाकी काही येत नाही, आणि मला घरी धाडतील.

एकदा आमटी चाखून मालकीणबाईंनी विचारलं, "हे तुला शिकवलं कुणी?"

"आईनं."

"मग तिला इकडं आण एकदा. वडिलांनाही. एक तंबू त्यांचा, विमानाचं मी बघते. महिना तेवढा तू सांग."

मी त्यांच्यापुढं मान हलवली आणि आत येऊन पाण्याचा अख्खा तांब्या प्यालो.

आईला यायचं होतं ते प्राण्यांसाठी नव्हे. मी गेल्यापासून तिची झोप हलकी झाली होती. आक्का सांगायची, गोठ्यात जरा खुट्ट झालं तरी आई उठून बसते. फोनवर मी तिला माळ दाखवायचो, झाडाखालचे जिराफ दाखवायचो. ती म्हणायची, "ते राहू दे. तू कुठं झोपतोस ते एकदा माझ्या डोळ्यांनी बघू दे. मग लागंल मला झोप."

मी घरी येतो ते एप्रिलात. तिकडं तेव्हा मोठा पाऊस, गाड्या चिखलात रुततात, कॅम्प बंद असतो. निपाणीजवळच्या आमच्या गावात त्या दिवसांत रानं मोकळी, माणसं मोकळी. आक्का पोरांना घेऊन माहेरी आलेली. सोप्यात आंब्यांची आढी. त्या आढीशेजारी बसूनच आमची पहिली बैठक झाली.

आप्पा म्हणाले, "आत्ताच येतो की तुझ्यासंगं. रान मोकळं, मी बी मोकळा."

"आप्पा, आत्ता तिथं पाऊस हाय. कॅम्प बंद हाय. म्हणून तर मी हितं आलोय."

"मे म्हैन्यात?"

"बंदच."

"म्हंजे मी मोकळा असतोय तवाच तुमचं दुकान बंद व्हय? मग उघडतंय कवा?"

"जूनच्या मध्यावर. खरा सीझन जुलै ते ऑक्टोबर. हजारो जनावरं नदी ओलांडत्यात. जगातनं माणसं येत्यात तेवढं बघायला."

आतून आईचा आवाज आला, "चातुर्मासात मी शीव ओलांडत न्हाय."

झालं. ते चार महिने आई गावाची वेस सोडत नाही. सख्ख्या भाच्याच्या बारशालाही गेली नव्हती, ते आफ्रिकेला कशी जाईल? तरी तिनं बाहेर येऊन विचारलं, "आणि नदीत बघायचं काय असतंय?"

मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "मगरी असत्यात. त्या धरत्यात एकेकाला."

आईच्या हातातली भाकरीची परात तशीच राहिली. "मरताना बघायला एवढं लांब जायचं व्हय रं? त्यापरास मी हितंच णमोकार म्हणत बसते."

दिवाळीनंतर म्हणावं तर आप्पांचा ऊस. तोडीची टोळी कधी दारात येऊन उभी राहील ते कारखान्यालाही नक्की सांगता येत नाही. डिसेंबर तसाच, जानेवारी तसाच. एकेक महिना आम्ही काढला आणि एकेक खोडला. आक्का आंबा चोखत म्हणाली, "वर्षाला एक तेरावा म्हैना काढा आणि त्यात जावा."

माझा जीव टांगणीला. शेवटी न राहवून मी बेळगावात एका प्रवास कचेरीत जाऊन विचारून आलो. म्हणजे बघा, जंगलात राहणारा मी, जंगलात कधी जावं ते विचारायला बेळगावच्या बसमध्ये बसलो. तिथल्या बाईंनी छान रंगीत तक्ता दाखवला आणि जुलैवर बोट ठेवलं. मी थँक्यू म्हणून परत आलो.

संध्याकाळी आई धार काढत होती. मी वैरण टाकत होतो. तिनं मान वर न करता विचारलं, "तिथं वासरं कवा होत्यात रं?"

"फेब्रुवारीत."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची एकदमच. पावसानं गवत कोवळं आलेलं असतंय तवा. वाइल्डबीस्ट म्हणत्यात त्यास्नी. तोंड म्हशीगत, शेपूट घोड्याचं. सगळा माळ वासरांनी भरून जातोय, नजर पोचत न्हाय तिथवर."

"शाण्या हाईत," आई म्हणाली. "दूध भरपूर येतंय कोवळ्या गवतावर." दोन धारा काढून झाल्यावर तिनं चरवी उचलली. "मग तवाच यायचं."

आप्पांनी उसाचं काढलं. आई म्हणाली, "ऊस काय पाय काढून पळतोय? टोळी आली तर भावजी बघतील." आप्पांचे भाऊ शेजारीच राहतात. प्रश्न मिटला. मी त्याच संध्याकाळी मालकीणबाईंना फोन करून फेब्रुवारीची अखेर कळवून टाकली. किती तरी दिवसांनी मला जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यातून आईनं देवाचा धावा केला, "अरिहंता!"

आम्ही सगळे पळालो. आई म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती आणि दुसऱ्या हाताच्या पेरांवर महिने मोजत होती. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ... बोट माघावर येऊन थांबलं. आदल्याच आठवड्यात आप्पांनी म्हशीला रेड्याकडं नेऊन आणलं होतं. परमुलखातल्या जनावरांची बाळंतपणं आईच्या ध्यानात आली होती आणि दावणीचीच म्हैस विसरली होती!

आक्का खाली बसून हसायला लागली. "आई गं, दोन्हीकडचं सुईणपण एकाच म्हैन्यात घेतलंस की!"

"हस, हस. तुला काय."

मी म्हणालो, "तारीख बदलायला सांगू काय?"

"नको. म्हशीचं आत्ताच काय सांगता येतंय? फळली तर फळली. ती आधी व्याली की मी येते. न्हाय व्याली, तर न्हाय येत. नाहीतरी हिला माझ्याबिगर कुणी हात लावलेला खपत न्हाय."

म्हैस फळली, गाभण राहिली. पावसाळ्यात आप्पांनी फोनवर सांगितलं तेव्हा आनंद मानावा की काय ते मला कळेना.

फेब्रुवारी उजाडला. मला रोज दोन बातम्या यायला लागल्या. आमचा ड्रायव्हर, तिथलाच माणूस, संध्याकाळी येऊन सांगायचा की आज पूर्वेकडच्या माळावर वासरं सुरू झाली, आज तळ्याकडं झाली, आज गाडी चालवायला वाट नाही. आणि फोनवर आई सांगायची, "कास भरली न्हाय अजून." मग पुढच्या आठवड्यात, "कास भरल्या, पण लक्षण न्हाय." स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना ठाऊक झालं होतं की भारतात एक म्हैस आहे आणि तिच्यावर सगळं अडून आहे. भांडी घासणारासुद्धा सकाळी मला बघून भुवया उंचावायचा. मी मान हलवायचो. तो जीभ चुकचुकायचा.

निघायचा दिवस जवळ आला तेव्हा आई म्हणाली, "आप्पास्नी धाडते. मी पुढल्या साली बघीन."

मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्या दिवशी मी डाळीत दोनदा मीठ घातलं.

आक्का सासरहून आली ती पदर खोचूनच. फोन चालू ठेवूनच तिनं आईला धरलं. "माझी दोन्ही बाळंतपणं तू काढलीस. म्हशीचं एक मी काढीन की."

"तुझी काढली म्हणूनच ठाऊक हाय मला, तू किती भितीस ते."

आणि निघायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मी कणीक मळत असताना फोन वाजला. पिठाच्या बोटांनीच घेतला. आधी नुसतं गोठ्याचं छप्पर दिसलं, मग आक्काचं अर्धं तोंड, मग एक काळंभोर, ओलं, चार पायांवर लटपटणारं काहीतरी.

"रेडी झाली रं! रेडी!"

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण स्वयंपाकघरात सगळ्यांना अर्थ कळला. कुणीतरी पातेल्यावर ताल धरला, ड्रायव्हर बाहेरून पळत आला, आणि पिठाच्या हातांनी मी ज्याला-त्याला मिठ्या मारत सुटलो.

आई तरीही लगेच उठली नाही. वार पडून म्हैस मोकळी होईपर्यंत तिच्यापाशी बसली. रेडकू आचळाला लागलं, पोटभर प्यालं. आमच्या घरात चीक कुणी खात नाही, तो ज्याचा त्याला. एवढं सगळं बघून झाल्यावर तिनं हात धुतले आणि पिशवी बांधायला घेतली. चष्मा विसरली, पण जोंधळ्याचं पीठ घेतलं.

कॅम्पात उतरल्यावर मालकीणबाई हार घेऊन पुढं आल्या. आईनं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, पण नजर माझ्यावर. "तुझी खाट कुठाय?"

तंबूत जाऊन तिनं गादी दाबून बघितली. वाकून खाटेखाली बघितलं. मच्छरदाणीला भोक आहे का ते बोटं फिरवून बघितलं, तंबूची चेन दोनदा लावली, दोनदा काढली. मी दारात परीक्षेला बसल्यासारखा उभा. "बरं हाय," एवढंच म्हणाली. तिला ते पुरलं की नाही, मला समजेना.

दुसऱ्या सकाळी आम्ही माळावर गेलो. मालकीणबाईंनी मला सुट्टी दिली होती. आप्पांना सिंह बघायचा होता आणि सिंह वाटेतच दिसला, पाय वर करून झोपलेला. आप्पा बराच वेळ बघत राहिले. "ह्यो तर जेवल्यावर माझा भाऊ पडतोय तसाच पडलाय की." तेवढ्यात ड्रायव्हरच्या रेडिओवर निरोप आला. पलीकडं सिंहिणींनी काहीतरी पाडलं होतं. बाकीच्या गाड्या धूळ उडवत तिकडं वळल्या. आईनं नुसता हात हलवला. तिची भाषा ड्रायव्हरला येत नव्हती, पण त्यानं गाडी उलटीकडं घेतली.

तिथं ती जनावरं होती. क्षितिजापर्यंत. आणि अगदी आमच्यासमोर एक मादी अडलेली, पुन्हा पुन्हा बसायची, उठायची. आई सीटवर उभी राहिली. "हां बाई, हां. सावकाश. घाई करू नगं." गोठ्यात बोलते त्याच आवाजात. वासरू पडलं, फिक्या मातीच्या रंगाचं. पडलं, धडपडलं, पुन्हा पडलं, आणि आईचा श्वास सुटायच्या आत उभं राहून पळायलासुद्धा लागलं!

"अगं बया! आमचं रेडकू अजून आचळ हुडकत फिरत असतंय एवढ्या वेळात!" आई टाळ्या वाजवत होती. तिला टाळ्या वाजवताना मी कधी बघितलं नव्हतं. ड्रायव्हर हसून हसून डोळे पुसत होता. मग वासरू मादीला लुचलं आणि आई खाली बसली, हात जोडून.

दुपारी परतल्यावर ती म्हणाली, "जरा पाठ टेकते." आपल्या तंबूत गेली नाही. माझ्या खाटेवर आडवी झाली.

मी भाकऱ्या थापल्या, झुणका केला. सूर्य मावळला की आई पाण्याशिवाय काही घेत नाही, म्हणून ताट वेळेआधीच तयार ठेवलं. उठवायला गेलो तर ती घोरत होती. तोंड उघडं, एक हात खाटेबाहेर लोंबलेला. बाहेर वाइल्डबीस्टांचा कालवा चालला होता, स्वयंपाकघरात पातेलं पडलं, कुणीतरी चेन ओढली. ती हलली नाही.

मी परत गेलो. परत आलो. सूर्य बाभळीच्या शेंड्याला लागला. आता न उठवावं तर आई सकाळपर्यंत उपाशी. उठवावं तर... मी ताट हातात घेऊन दारात घुटमळत राहिलो.

आप्पा मागून आले. आत डोकावले. "राहू दे रं," ते हळूच म्हणाले. "किती वर्सांनी अशी झोपल्या."

आम्ही दोघं तंबूबाहेर मांडी घालून बसलो आणि सूर्य बुडायच्या आत आईच्या वाटणीची भाकरीसुद्धा निम्मी-निम्मी करून खाल्ली.