चौदावी नळी

जैतूने बारा वर्षं फवारा मोजला. मुरबाडच्या एमआयडीसीत फवारणी पंपाचे नोझल बनवणाऱ्या एका कारखान्यात तो कंत्राटी कामगार होता. नोझल टांगायचा, पाणी सोडायचं. खालच्या तिरक्या पन्हळी पत्र्यावरून ते वीस काचेच्या नळ्यांत उतरायचं. मिनिटाने प्रत्येक नळीतली रेष वाचून वहीत लिहायची, की फवारा सारखा पडतो का ते कळे. साहेबांना हे काम इतकं हलकं वाटे, की बारा वर्षांत ते एकदाही त्या टेबलापाशी उभे राहिले नाहीत.

चौदाव्या नळीला बुडाशी तडा होता. मिनिटाला दोन रेषा पाणी गळायचं, हे जैतूने मापाने पाणी ओतून पक्कं केलं होतं. नवी नळी तीनदा मागितली, तीनदा "बघू" ऐकलं. मग गळालेल्या दोन रेषा तो स्वतःच मिळवून लिहू लागला. दोन मिळवल्या, असं वहीत नोंदवावं लागतं, हे त्याला शिकवणार कोण?

२००४ साली कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला मनाली मॅडम. पाणी न सोडताच फवारा कुठे किती पडेल, ते पडद्यावर दिसणार होतं. मॅडमने आधी जुनं काम तपासलं. चौदाव्या नळीत एकोणतीस रेषा, वहीत एकतीस.

साहेब सगळ्यांसमोर खेकसले, "बारा वर्षं खोटं लिहितोस? वर पर्मनंट व्हायचंय!"

"खोटा नाय सायेब, ती नळी गळते. आमी सांगलाय तुमाला."

"कॉम्प्युटरचा आकडा तुझ्याशी जुळला तर तू खरा. मग पर्मनंटचं बघू. नाही जुळला, तर हाकलून देईन."

जैतूने जवळच्या म्हसा गावची जत्रा कधी चुकवली नव्हती, त्या वर्षी चुकवली. मॅडम मागतील ती मापं काढून देत राहिला. पडद्यावरचा फवारा एका बाजूला कमी पडू लागला, तेव्हा यानेच सांगितलं, "म्याडम, नोझलचा भोक जरा तिरपा हाय, तो धरा." असा गुरू कॉम्प्युटरला फुकटात मिळाला.

अखेर वीसच्या वीस आकडे जुळले. चौदावा, एकतीस. "जैतूमामा, तुम्हीच बरोबर होतात!" मॅडम ओरडल्या. जैतूला रडू आवरेना.

साहेबांनी कागद पाहिला. "छान. कॉम्प्युटर बरोबर सांगतो म्हणजे. मग आता नळ्या कशाला? जैतू, टेबल खोलून भंगारात टाक. उद्यापासून येऊ नकोस."

"सायेब, पर्मनंटचा बोलला व्हतात..."

"खोटारडा नाहीस, हे सिद्ध झालं ना? अजून काय पाहिजे?"

बारा वर्षांचं टेबल त्याने स्वतःच्या हाताने खोललं. फाटकावर वॉचमनने त्याची पिशवी उलटी करून पाहिली, एखादी नळी लांबवली तर नाही ना म्हणून.

घरी बायको जना वाटच पाहत होती. "आकडं जुळलं?"

"सगळं जुळलं."

ती हरखली. शेजारणीला हाक मारून सांगू लागली, "आमचा मानूस खरा निघाला गो!" आणि उद्याच्या डब्यासाठी दोन भाकऱ्यांचं पीठ जास्त काढलं.