निर्व्यसनी मामांचं गांजाचं दुकान

आमच्या बायकोच्या मामांइतका निर्व्यसनी माणूस अख्ख्या चाकण पट्ट्यात दाखवा, मी चिंचवडचा फ्लॅट तुमच्या नावावर करतो. चहा नाही, सुपारी नाही. जेवणावर बडीशेपसुद्धा नको, का तर म्हणे सवय लागते. आणि हाच गृहस्थ भेटेल त्याच्याशी एकाच गोष्टीवर भांडत असतो: सरकारनं गांजाला परवाना द्यावा, दुकानात उघड विकावा आणि वर दणदणीत कर लावावा! माझ्या मेव्हणीच्या साखरपुड्यात त्यांनी मुलाच्या बापालाच गाठलं. "एकवीस वर्सांखालच्याला दुकानाच्या दारात उभं करायचं न्हाई. किती कडक हाय ते पाकिटावर छापायचं. वढून गाडीवर बसला की लायसन जप्त. आन् करातनं आदी चाकणचा चौक मोकळा करायचा, काय?" तो बिचारा माझ्या कानाशी लागला, "मामा... घेतात का हो?" मी म्हटलं, "अहो, ते चहासुद्धा घेत नाहीत!" लग्न मोडलं नाही, पण पंगतीत मामांना व्याह्यांपासून लांब बसवलं.

महाशिवरात्रीला मामांच्या गावी, निघोज्यात, देवळामागं थंडाई होते, भांग घालून. एरवी कडक असलेले पोलीस पाटीलही प्रसाद म्हणून दोन पेले रिचवतात. मामा आपला पेला शेजाऱ्याला देणार आणि विचारणार, "पाटील, एकाच झाडाचं पान चाललं, मंग फुलानं काय घोडं मारलंय?" पाटील मिशीत हसतात आणि तिसरा पेला मागतात.

हसा, तुम्हीही खुशाल हसा. पण मामांचे धाकटे भाऊ कंपनीत वेल्डर होते. सुट्टीच्या दिवशी दोन झुरके मारायचे. कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकदा नाक्यावर त्यांच्या खिशात पुडी सापडली. केस झाली, नोकरी गेली, गावानं 'गंजेडी' नाव पाडलं. तेव्हापासून माणूस उंबऱ्याबाहेर पडेना. अहो, गटारीत लोळणाऱ्या दारुड्याला हेच लोक उचलून घरी पोचवतात, आणि यांना रामराम करायला लाजतात! मला अजून संताप येतो.

मग मागच्या वर्षी गावच्या मंडळानं व्यसनमुक्तीची सभा घेतली, आणि आदर्श निर्व्यसनी म्हणून सत्काराला बोलावलं कुणाला? मामांना! मंडप, शाल, नारळ, सगळं हायवेवरच्या परमिट रूमच्या मालकाकडून. तो पहिल्याच रांगेत. मामांनी शाल घेतली, माईक धरला आणि सुटले. "दारू वाईट, तरी ह्यांना परवाना हाय. ह्ये कर भरत्यात, आन् आमी ह्यांच्याच मंडपात बसतो. गांजाबी वाईटच, म्या हात लावत न्हाई. पर माझ्या भावानं चोरी केली न्हाई, कुनाला मारलं न्हाई. त्यो गुन्हेगार न्हाई, गिऱ्हाईक हाय! दुकान काढा, कर घ्या, आन् त्याला मानसात येऊ द्या!" अध्यक्षांनी माईक बंद करवला. मामा तसेच ओरडत राहिले. एकानं तर दिलेला नारळ परत काढून घेतला, आईशप्पथ, हातातून!

मागं चपलांपाशी धाकटे मामा उभे होते. कधी आले, देव जाणे. मामा खाली उतरले, शाल त्यांच्या खांद्यावर टाकली आणि भर गर्दीतून दोघं चालत घरी गेले.

कायदा काही बदललेला नाही. मात्र आता संध्याकाळी धाकटे मामा ओट्यावर येऊन बसतात. मामा शेजारी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला दरडावतात, "ए, रामराम घाल की दोघास्नीबी!" आणि लोक घालतात. परवा मात्र मामांना बोलता बोलता धाप लागत होती. मी निघालो तसा माझा हात धरून हळूच म्हणाले, "जावईबापू, म्या हाय तवर ह्यो हितं बसंल. फुडं?"

गाडीची किल्ली खिशात टाकली आणि धाकट्या मामांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो.