जोरमा का मनमा

मोठ्यानं बोलायची गरजच काय होती भाऊ?

चार वर्षं झाली, हेच विचारतोय मी तुला. मनातल्या मनात.

आता विचारून पण काय. आज दुपारी तुला माती दिली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रुबेनभाऊ म्हणजे चोपड्याला आमच्या चर्चच्या यूथ ग्रुपचा लीडर. आठवडाभर केळीच्या पॅकिंगवर बॉक्स उचलायचा आणि रविवारी संध्याकाळी आमची मीटिंग घ्यायचा. काल पॅकिंगवरच छातीत दुखलं म्हणून बसला, तो उठलाच नाही.

मी आठवीतून शाळा सोडलेला. घरात टिकत नव्हतो, कामावर टिकत नव्हतो. यूथला मला त्यानेच ओढून आणलं. म्हणे, गाणी तरी म्हण, आवाज चांगला शे तुन्हा.

एकदा मीटिंगच्या आधी दोघं सतरंज्या टाकत होतो. तेव्हा मी त्याला सांगितलं. आधी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"भाऊ, मी प्रार्थना करस तं तठे कोनीच नही शे असं वाटस."

मला वाटलं रागावेल. बायबल काढेल.

तो सतरंजीचं टोक धरून तसाच उभा राहिला. मग त्याने पण मला त्याची एक गोष्ट सांगितली. एकदम हळू.

बरं वाटलं मला. खरंच बरं वाटलं होतं त्या दिवशी.

मग मीटिंग सुरू झाली.

आमच्यात शेवटी प्रार्थनेच्या विनंत्या घेतात. कोणाला नोकरी पाहिजे, कोणाची बहीण आजारी. भाऊ एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करायचा. आवाज असा की रोडवरचा टेम्पोवाला पण आमेन म्हणेल.

माझं नाव आलं.

"प्रभू, ह्या तुझ्या लेकराला वाटतं तिथे ऐकणारं कोणीच नाही..."

त्या रविवारी सगळ्यांच्या आया पण आल्या होत्या. मी डोळे उघडून बायकांच्या ओळीकडे पाहिलं.

आईने पण डोळे उघडले होते.

दुसऱ्या आठवड्यापासून ती माझ्यासाठी शुक्रवारचा उपास धरायला लागली. चर्चमधल्या मावश्या भेटल्या की डोक्यावर हात ठेवायच्या, मला ताप आल्यासारखा. पोरं तर विचारूच नका. साहेब आले, साहेबांना पुरावा पाहिजे.

पण भाऊशी भांडलो ते त्याच रविवारी संध्याकाळी, चर्चच्या गेटपाशी. तो म्हणत होता, अरे प्रेमाने केली रे, सगळ्यांनी मिळून मागितलं तर देव लवकर ऐकतो. मी म्हटलं, मी तुला सांगितलं होतं भाऊ. यूथला नाही.

पास्टर मागे दारातच उभे होते. माझ्या तोंडावर आलं होतं, की याने मला काय सांगितलंय ते पण आत्ता सगळ्यांना ओरडून सांगतो.

भाऊला ते दिसलं. नुसता बघत राहिला माझ्याकडे.

मी नाही सांगितलं. पण परत गेलो पण नाही.

आधी सुरत, मग पुणे, आता चेन्नईच्या बाहेर एका कंपनीत. फ्रीजच्या दरवाज्याला रबर बसवतो. हे काम पण सोडायचं डोक्यात आहेच. भाऊचे मेसेज यायचे, जेवला का भो. मी वाचून ठेवून द्यायचो.

काल प्रीतीचा फोन आला. प्रीती आमच्याच ग्रुपमधली. भाऊ गेला ते तिनेच सांगितलं, आणि बाकीचं पण.

म्हणाली, तू गेल्यापासून भाऊने कोणासाठी न विचारता प्रार्थना केली नाही. कोणी विनंती दिली की आधी विचारायचा, जोरमा का मनमा? मोठ्यानं करू का मनात? हळूहळू सगळेच मनमा म्हणायला लागले. मग मीटिंगच्या शेवटी सगळी शांतता. पास्टरांना ते पटेना. लीडरच गप्प बसला तर पोरं काय शिकतील म्हणाले. लीडर दुसऱ्याला केलं.

भाऊ येत राहिला. सतरंज्या टाकायचा.

मी म्हटलं, हे मला कोणी सांगितलं का नाही?

"फोन उचलत होता का तू?"

सुट्टी मिळाली नाही. मिळाली असती तरी मातीला पोचलो नसतो.

आज प्रीतीने कब्रस्तानातून फोन लावला. वहिनींचं म्हणणं होतं की भाऊच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाने एक प्रार्थना करायची. तू फोनवर कर म्हणाली. मी म्हटलं, माझं तुला माहीत आहे ना.

ती मग म्हणाली,

"जोरमा का मनमा?"

कंपनीच्या मागे पुठ्ठ्याच्या ढिगाजवळ उभा होतो. ड्युटी संपलेली, पाय दुखत होते.

"मनमा," म्हटलं.

तिने फोन कबरीजवळ धरला असणार. तिकडे सगळे गप्प. फक्त वारा, आणि कोणीतरी खोकलं. एवढी मंडळी एकट्या माझ्यासाठी थांबलेली.

ऐकणारं कोणी होतं का, मला अजून माहीत नाही भाऊ. पण तुझी ती गोष्ट मी तिथे सांगितली. मनात. दुसऱ्या कोणाला कधी सांगितली नाही. इथे पण लिहिणार नाही.

राग गेला असं नाही. दमलोय फक्त.

शेवटी आमेन म्हणायची वेळ आली. ते काही मनात म्हणून चालत नाही. तिकडच्यांना कळणार कसं की झालं?

म्हटलं मोठ्यानं.

तिकडून सगळ्यांचं आमेन आलं.

आणि मागून, जरा उशिरा, एकटं आईचं.

झोप भाऊ. सतरंज्या आता आम्ही कोणीतरी टाकू.

प्रीती, भाऊच्या शवपेटीचे पैसे ग्रुप भरतोय म्हणालीस. पगार व्हायचा आहे अजून. आत्ता खात्यात होते ते तुझ्या नंबरवर पाठवतोय, १,४०० रुपये.