कृत्तिकांचं खळं

पटक्याच्या टोकानं सिग्नलच्या दिव्याची काच पुसायची, शिडी उतरायची, दिव्याला हात जोडायचे आणि म्हणायचं, "पुसलं की दिसतंय." कॅसलरॉक स्टेशनचा आमचा बत्तीवाला रोज दिवेलागणीला एवढं करायचाच.

तो जवळच्या कुंभारवाडा गावचा, मी तिकीटबाबू. वयानं मोठा म्हणून मी त्याला मामा म्हणायचो. आमच्याकडे धुकं असं, की गाडी आधी ऐकू यायची, मग दिसायची. पण मामाचा दिवा दिसला नाही, अशी तक्रार एकाही ड्रायव्हरनं केली नाही.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "बाबू, काच लख्ख हाय, पर दिव्याला निळसर खळं पडतंय. माझ्या डोळ्यात तर काय न्हाई न्हवं?" हसत विचारलं, पण घाबरला होता. डोळे गेले की बत्तीवाल्याची भाकरी गेली.

मी तेव्हा अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेलो. कुणी प्रवासी विसरलेलं इंग्रजी मासिक नुकतंच वाचलं होतं. त्यात कृत्तिकांचा फोटो होता, चांदण्यांभोवती धूसर खळं. त्या खळ्याचा उजेड कुणा खगोलशास्त्रज्ञानं तपासला, तर तो चांदण्यांचाच निघाला. म्हणजे तिथं नुसती धूळ. स्वतःचा उजेड नाही; जवळच्या चांदणीचा उजेड ती चहूकडे उधळते, त्यातही निळा जास्त.

"मामा, डोळे ठणठणीत आहेत. हवेतली धूळ आहे ती," मी ठोकून दिलं.

"व्हय? मग धूळच हाय." केवढा सुटल्यासारखा हसला तो! पुढं वर्षभर गँगमनपासून हमालापर्यंत सगळ्यांना कृत्तिकांची धूळ सांगत हिंडला, आणि काच दुप्पट पुसू लागला. मला त्याचं कौतुक वाटायचं. आज त्याच कौतुकाची लाज वाटते.

मग एक दिवस त्याला तांबडा-हिरवा कळेना. हुबळीच्या डॉक्टरनं सांगितलं, डोळ्यात दाब वाढलाय, खळं दिसलं तेव्हाच यायचं होतं, आता इलाज नाही. नोकरी त्याच महिन्यात गेली.

मार्गशीर्षात मी कुंभारवाड्याला गेलो. मामा अंगणात बसला होता. तिन्हीसांज टळली होती, कृत्तिका वर आल्या होत्या.

"मामा, चूक माझी झाली."

"तुमची कशापायी? धूळ हायच की अजून डोळ्याम्होरं. चांदणीच गेली."

सवयीनं त्यानं पटक्याचं टोक धरलं आणि दोन्ही डोळे सावकाश पुसले. मी त्याचं नेहमीचं वाक्य ऐकायला थांबलो. त्यानं टोक पुन्हा पटक्यात खोचलं.