अनफिट जावई

आमच्या ह्यांनी लढाईत काय केलं असं कोणी विचारलं, तर मी सांगते, लॉरीखाली झोपले. खोटं नाही ते. सहा वर्षं फौजेत होते, बंदूक धरली ती परेडपुरती, बाकी सगळा काळ ब्रह्मदेशाच्या वाटेवर लॉरीखाली उताणे. शेहेचाळीस साली हवालदार मेकॅनिक होऊन धारला परत आले. बरोबर एक पत्र्याची पेटी, दोन खाकी विजारी आणि एक भयंकर खोड. विजारींची मी पायपुसणी केली. खोडीचं काही करता आलं नाही.

खोड अशी, की फौजेच्या वर्कशॉपात तपासल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही. तपासणारा खडूने बॉनेटवर लिहितो, फिट नाहीतर अनफिट, आणि खाली सही करतो. मग कर्नल येवो की कर्नलचा बाप, अनफिट गाडीत कोणी बसत नाही. यांची समजूत झाली की सगळं जग असंच चालतं. आणि जग कुठलं, तर आमचं धार! इथे लोक टांग्याचं चाक सुतळीने बांधून मांडूला जाऊन येतात, आणि वर सांगतात, ‘मजेत पोचलो भिया.’

घरातसुद्धा तेच. दर शनिवारी माझा स्टोव्ह सुटा होऊन चटईवर ओळीने मांडलेला. मुलांच्या पोटात कावळे ओरडताहेत आणि हे पंपाला कान लावून बसलेत! एकदा हळदीकुंकवाला बायका आल्या होत्या, तर माझ्या डुगडुगणाऱ्या पोळपाटावर यांनी ‘अनफिट’ लिहून ठेवलेलं. खाली सही. नीलकंठ जगदाळे. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आता अशा माणसाची नोकरी टिकेल कशी? पहिली दरबारच्या मोटारखान्यात मिळाली. तिथे यांचा काही दोष नाही, संस्थानच विलीन झालं आणि मोटारखाना मिटला. दुसरी सरदारपूरच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात. ऐन हंगामात अंगणात कापसाचे डोंगर लागलेले, बैलगाड्यांची रांग वेशीपर्यंत, आणि यांनी इंजिन बंद करून उघडलं. का, तर म्हणे तपासणीची मुदत झाली. अकराव्या दिवशी हातात नारळ. मग स्वतःचं सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं. एका मास्तरांची सायकल अनफिट ठरवली आणि परतच देईनात. आपली सायकल सोडवायला त्या गरीब मास्तरांना पोलीस आणावा लागला. दुकानाचंही मग जे व्हायचं ते झालं.

देवासला माझे थोरले दीर, गोपाळराव, यांचं तेलाचं दुकान. त्यांचं पत्र आलं, ‘नीलकंठाने इकडे यावे, तेल मोजावे, दोन वेळचे सर्वांना मिळेल.’ वाचायला गोड. पण त्या घरात माझी जाऊ सगुणाबाई होती. ती सकाळी कोणी किती पोळ्या खाल्ल्या ते संध्याकाळी चारचौघींत सांगायची. तिच्या ओसरीवर आश्रित होऊन जायला माझी तयारी नव्हती. म्हणून एक्कावन्न साली शालिग्राम शेठच्या मोटारीवर यांना फिटरचं काम मिळालं, तेव्हा मी बजावून सांगितलं, ‘ही चौथी. ही गेली की बाडबिस्तरा देवासला. तोंडाला कुलूप लावा, आणि तो खडू चुलीत घाला.’

शालिग्राम शेठची मोटार म्हणजे फौजेनेच भंगारात काढलेली लॉरी. वर लाकडी खोका ठोकून बाकं बसवलेली. धार ते धामनोद जायची. शेठ माणूस हसरा, पण हात असा आखडता की मोटारीच्या ब्रेकात ब्रेकच्या तेलाऐवजी तिळाचं तेल घालायचा. यांनी आठवड्यात चारदा सांगून पाहिलं की त्याने आतलं रबर फुगतं. शेठ म्हणायचा, ‘अरे जगदाळे, आदमी खाके तगडा होता है, मोटर को कांई होगा?’ हे घरी येऊन मला म्हणाले, ‘ब्रेक आहे की लोणचं?’ मी म्हटलं, काही असो, गप्प राहा. आणि खरंच, दहा महिने ते गप्प राहिले. रात्री कूस बदलत राहायचे, पण गप्प.

पुढच्या वैशाखात माझ्या धाकट्या भावाचं, भगवंताचं लग्न ठरलं. मुलगी धामनोदची, मुहूर्त गोरज. वऱ्हाडासाठी शेठची मोटार मीच ठरवली, मोठ्या तोऱ्यात. माहेरी यांची थोडी पत वाढावी हा डाव. बत्तीस माणसं, माझी आई, म्हणजे आमची माई, वरमाय म्हणून पुढच्या बाकावर, मोटारीला आंब्याची डहाळी आणि झेंडूची माळ. हे मानाचे जावई. नवा फेटा, नवं धोतर. सगळे चढले, शेठही ड्रायव्हरशेजारी बसला, आणि मी पाहते तर हे कुठेच नाहीत.

धोतराची दोन टोकं तेवढी मोटारीखालून दिसत होती.

बाहेर आले. फेट्याला वंगण लागलेलं. कोणाकडे पाहिलं नाही, खिशातून खडू काढला आणि झेंडूच्या माळेखाली लिहिलं, अनफिट. सही केली.

मग जो गोंधळ उडाला! भगवंत मुंडावळ्या सावरत खाली उतरला, काका ओरडायला लागले, शेठचं हसू पहिल्यांदा मावळलं. ‘जगदाळे, म्हारी मोटर घाट उतरेगी. नहीं जमता तो कल से मत आना.’ हे म्हणाले, ‘घाटात ब्रेक धरेल याची खात्री नाही. मी सोडणार नाही.’ दुसरी मोटार शोधावी तर मुहूर्त टळतो. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर, कारण हे रत्न घराण्यात माझ्यामुळे आलेलं. माझ्या डोळ्यांपुढे देवासची ओसरी उभी राहिली. मी खाली उतरले आणि नव्या शालूच्या पदराने ते अनफिट पुसून टाकलं. म्हटलं, ‘झाली तुमची फौजी परेड? आता मुकाट बसा.’

त्यांनी खडू खिशात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. मग हळूच म्हणाले, ‘बरं,’ आणि मोटारीत येऊन बसले.

विंध्याचा घाट सुरू होतो तिथे त्यांनी ड्रायव्हरला, उमाशंकरला, गाडी थांबवायला लावली. उतरले, धोतराचा काचा मारला आणि मोटारीच्या पुढे जाऊन रस्त्याच्या मधोमध चालायला लागले. ना उजवीकडे ना डावीकडे. ऐन मधोमध, मोटारीकडे पाठ करून. उमाशंकरने भोंगा वाजवला. हे हलेनात. शेवटी पहिल्या गिअरात, मुंगीच्या पावलाने, मोटार त्यांच्यामागून निघाली.

तीन मैल घाट. डोक्यावर वैशाखाचं ऊन. वऱ्हाडाला तर करमणूकच झाली. कोणी म्हणालं भालदार, कोणी म्हणालं वाजंत्री नाही म्हणून जावई धाडलाय. माझे काका हसून हसून खोकत होते. मी मान खाली घालून बसले. शरम वाटत होती, खोटं कशाला बोलू? फक्त माई हसत नव्हती. ती पुढच्या काचेतून जावयाची पाठ बघत होती.

आणि झालं काय? काही नाही! उमाशंकरने वळणावळणावर ब्रेक दाबला, दर वेळी धरला. मोटार सुखरूप धामनोदला, मुहूर्त साधला, अक्षता पडल्या. हे पंगतीत बसले ते चेहरा उन्हाने काळवंडलेला, पायात फोड. शेठने भर मांडवात सांगितलं, ‘देखा? मक्खन जैसी उतरी. जगदाळे, थारी छुट्टी.’ मी ताटातल्या जिलबीकडे पाहत मनातल्या मनात देवासचं सामान बांधायला लागले.

दुसऱ्या दिवशी परत निघायचं. मोटार दारात, नवरी दारात, आणि माई चढेना. म्हणाली, ‘जावईबापूंनी बघितल्याशिवाय मी पाय ठेवणार नाही.’ शेठ म्हणाला, ‘माईसाब, अब तो चढाव है, ब्रेक किसको चाहिए?’ माई म्हणाली, ‘चढावर बंद पडून मागे घसरली म्हणजे तुझा बाप धरणार आहे का?’ आमची माई आयुष्यात कोणाला अरेतुरे बोलली नव्हती. तिच्यामागे भगवंत थांबला, त्याच्यामागे नवरी, मग काल खोकेपर्यंत हसलेले काकाही पिशवी घेऊन खाली उतरले. म्हणाले, ‘काल हसलो खरा, पण रात्री झोप नाही लागली.’ बत्तीसच्या बत्तीस रस्त्यावर. त्यात रोजची चार गिऱ्हाइकं मोटारीसाठी आलेली, तीही बघत उभी.

शेठने हात जोडले, ‘जगदाळे, म्हारा बाप, देख ले.’

हे म्हणाले, ‘मी नोकरीत नाही. लेखी हुकूम द्या.’

तिथेसुद्धा लेखी हुकूम! पण शेठने दिला. लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं, की जगदाळे बोलेल तरच मोटर निघेल, आजपासून कायम. यांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आणि मग जवळच्या ढाब्यावरच्या ट्रकवाल्यांकडून रबरं आणि ब्रेकचं तेल आणून मोटारीखाली गेले. दोन तासांनी बाहेर आले तेव्हा हातात फुगलेली जुनी रबरं होती, भिजलेल्या हरभऱ्यासारखी टम्म. शेठने ती हातात घेऊन एकेक दाबून पाहिली. पुढे चार वर्षं त्याने यांना सोडलं नाही. छप्पन साली आम्ही देवासला गेलो खरे, पण सरकारी बसच्या डेपोत हेड फिटर म्हणून, स्वतःच्या बिऱ्हाडात.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मोटार घाट चढत होती आणि हे माझ्या शेजारी बसले होते. मी खिडकीतून काल ते चालले तो रस्ता पाहत होते. शेवटी न राहवून विचारलं, ‘अहो, चालायचंच होतं तर मागून चालायचं. पुढे कशाला?’

‘मागे असतो तर उमाशंकरने पळवली असती. पुढे माणूस दिसला की पाय आपोआप आवरतो.’

‘आणि ब्रेक गेला असता म्हणजे?’

त्यांनी जरा विचार केला, एखादा नटबोल्ट आठवावा तसा. ‘तर सगळ्यांत आधी मला कळलं असतं,’ म्हणाले.

मला असा संताप आला, असा संताप आला, की मी त्यांच्या दंडाला करकचून चिमटा काढला. आमच्यात चारचौघांत नवऱ्याला हात लावायची रीत नव्हती. समोर माई होती, काका होते, नवी नवरी डोळे फाडून बघत होती. बघू दे म्हटलं. धार येईपर्यंत मी तो दंड सोडला नाही.